विस्थापन शून्य

बालभारतीच्या सातवीच्या सामान्य विज्ञानात वीस धडे आहेत. पहिला सजीव सृष्टीचा, विसावा तारकांच्या दुनियेतला. म्हणजे जूनमध्ये चिखलात उभं असलेलं पोर एप्रिलपर्यंत आकाशात पोचवायचं, असा एकूण बेत. बेतात खोट काढायला जागा नाही. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर बसून आखलेल्या बेतात ती नसतेच. अडचण एवढीच, की जव्हार-मोखाड्याचंही स्वतःचं एक वार्षिक नियोजन आहे. बालभारती १९६७ ची. हे नियोजन त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. त्याला शासन निर्णय लागत नाही, आणि त्यातली प्रात्यक्षिकं पुस्तकातल्या धड्यांना कधीही गाठ पडत नाहीत. धडा येतो तेव्हा वस्तू नसते आणि वस्तू येते तेव्हा वर्ग नसतो.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, जत तालुक्याचा. आमच्याकडे ढग आला तर माणसं घराबाहेर येऊन बघतात. इथे जूनमध्ये आलेला ढग नवरात्रापर्यंत हलत नाही. माणसं बाहेर येतात ती सूर्य दिसला तर. पालघर जिल्ह्यात नेमणूक झाली तेव्हा घरच्यांच्या डोळ्यांपुढे समुद्र, पापलेट आणि मुंबईची लोकल उभी राहिली. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून हा जिल्हा वेगळा काढला तेव्हा समुद्र त्यात आला खरा, पण तो पालघर, डहाणू, वसईच्या वाट्याला. जव्हार-मोखाड्याला घाट मिळाला. दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. त्यामुळे ‘एक आगगाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जाते’ हे उदाहरण मी गणित म्हणून देत नाही, गोष्ट म्हणून सांगतो. पोरं मन लावून ऐकतात आणि गाडी शेवटी कुठे गेली ते विचारतात.

पहिला धडा अनुकूलनाचा. वाळवंटातला निवडुंग, काट्यांत बदललेली पानं, खोडात साठवलेलं पाणी. या विषयात माझा हात कोण धरणार? मी निवडुंगाच्या कुंपणातच वाढलो. जीव ओतून शिकवायला लागलो, पण पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की अर्धं अनुकूलन त्या आवाजातच वाहून गेलं. मागच्या रांगेतल्या एकाने हात वर केला.

“सर, तो निवडुंग इथे आणून लावला तर?”

“कुजेल.”

यावर सगळ्या वर्गाने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. गणपतीपर्यंत माझ्या चामडी चपलेवर, कमरेच्या पट्ट्यावर आणि डी.एड.च्या प्रमाणपत्रावर हिरवट-पांढरी बुरशी चढली. सूक्ष्मजीवांचा धडा पुस्तकात अकरावा आहे. मला तो ऑगस्टमध्येच सोदाहरण झाला.

पहिल्याच धड्यात पुढे वर्गीकरण येतं. लिनियसने अठराव्या शतकात प्रत्येक सजीवाला दोन नावं दिली, वगैरे मी सांगितलं. पण आमच्या वर्गात त्याआधीच एक पद्धत रूढ होती: खायचं, न खायचं, आणि आजीला विचारून खायचं. यातला तिसरा गट सगळ्यांत शास्त्रशुद्ध. पावसाच्या तोंडावर रानात शेवळं निघतात. शहाण्या माणसाने ती नुसती शिजवून खाल्ली तर घशात अशी खाज सुटते की दोन दिवस बोलणं बंद. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. म्हणून इथल्या बायका शेवळात काकडं घालतात. काकड म्हणजे एका रानझाडाचं आंबट फळ. ते घातलं की शेवळाचा माज उतरतो. कडूकंदाचंही असंच: चकत्या करा, राख घालून उकळा, पाणी टाका, पुन्हा उकळा. आम्ल, आम्लारी हा आठवीचा धडा. इथे तो सहा वर्षांच्या पोरीला तोंडपाठ असतो, फक्त ‘आम्ल’ हा शब्द तिला ठाऊक नसतो. ज्याला तो शब्द ठाऊक होता असा माणूस, म्हणजे मी, पहिल्या पावसाळ्यात शेजारणीने दिलेली शेवळाची भाजी डबा उघडून नुसता बघत बसलो होतो.

पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्यांना पाणी चढतं आणि मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर निघतात. ही वलगण. त्या दिवशी हजेरीपटावर मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त असते आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला मासळीचा वास असतो. २०२३-२४ पासून काही काळ बालभारतीने पुस्तकं चार भागांत काढली होती, आणि धड्यांच्या मधे ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पानं बांधली होती. विद्यार्थ्याने शिक्षकाचं शिकवणं तिथे टिपून घ्यावं, अशी अपेक्षा. आमच्या वर्गातल्या त्या पानांवर कुठल्या ओढ्याला कुठल्या दगडाखाली खेकडे आहेत, कोणी किती धरले, कोणाचं बोट धरलं, असा तपशील जमा झाला. मी तपासायला घेतली आणि लाल पेन खाली ठेवून शेवटपर्यंत वाचत गेलो. पुढे ती कोरी पानंच बंद झाली. राज्याच्या विज्ञान साहित्याचं त्यात नक्की किती नुकसान झालं, हे वरच्या मंडळींना कधी कळणार नाही.

जुलैत धडा दुसरा, वनस्पतींची रचना. सोटमूळ, तंतुमूळ. फळ्यावर आकृती काढली, नावं दिली, मागे वळलो तर वर्गात पाच जण. बाकीचे आवणीला गेले होते. म्हणजे भाताची रोपं एका हाताने उपटून, मुळांचा चिखल पाण्यात हिसळून, दुसऱ्या खाचरात लावत होते. दिवसभर, ओणवे, तंतुमुळांचे जुडगे हातात घेऊन. आणि मी त्यांच्या गैरहजेरीत पाच जणांना सांगत होतो की भाताला तंतुमूळ असतं.

शेजारच्या डहाणू तालुक्यात कोसबाडला यावर कधीच उपाय शोधला गेला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पोरं गुरांमागे जातात, शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्या दोघींनी कुरणातच शाळा भरवली. कुरणशाळा. गुरं चरतात, पोरं शिकतात. ही गोष्ट आम्हाला प्रशिक्षणात सांगतात, आणि आम्ही सगळे माना डोलावतो. मी एकदा केंद्रप्रमुखांना हळूच विचारलं, की आवणीच्या आठवड्यात वर्ग खाचराच्या बांधावर भरवला तर? ते म्हणाले, कल्पना उत्तम आहे, पण त्या दिवशीच्या पोषण आहाराची नोंद कुठल्या रकान्यात करणार? ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री. या रकान्याचं उत्तर मात्र दोघींपैकी कोणीच लिहून ठेवलेलं नाही.

मापनाचा धडा मला मनापासून आवडतो. किलोग्रॅम म्हणजे काय, तर पॅरिसजवळ काचेच्या हंड्यांखाली जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दट्ट्या. २० मे २०१९ ला जगाने त्याला निवृत्त केलं आणि किलोग्रॅम प्लँकच्या स्थिरांकावर टांगला. मी हे मोठ्या थाटात सांगितलं. वर्गाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं, कारण इथे नाचणी, वरई आणि मोहफुलं पायलीने मोजतात: दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पण ‘मापनातील त्रुटी’ असा शब्द मी उच्चारला आणि एक मुलगी तडक उभी राहिली. बाजारचा व्यापारी घेताना शीग लावून घेतो आणि देताना हाताने सपाट करून देतो, म्हणाली. माप तेच, पायली तीच, फरक फक्त त्याच्या तळहाताचा. धड्यातल्या कुठल्याही चौकटीत यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. प्लँकच्या स्थिरांकानेही त्या तळहाताचं काही होईल असं वाटत नाही.

आणि मग सातवा धडा: गती, बल व कार्य. इथे माझी आणि वर्गाची खरी जुंपली.

पुस्तक म्हणतं, वस्तूवर बल लावलं आणि तिचं विस्थापन झालं तर कार्य झालं. इथवर सगळं ठीक होतं. पण पुस्तकात नसलेलं थोडं पुढचं सांगायची मला खोड आहे. मी म्हणालो, समजा एक बाई डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन सपाट रस्त्याने एक किलोमीटर चालली. हंड्याला तिने दिलेला आधार वरच्या दिशेने, चालणं आडव्या दिशेने. म्हणून भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तिने हंड्यावर केलेलं कार्य शून्य.

वर्ग शांत झाला. हा त्या वर्षातला पहिला असा क्षण होता की पाऊस पडत असूनही वर्ग शांत होता. पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, “सर, हे घरी सांगू?”

मी म्हणालो, नको.

सुदैवाने मोखाड्यात सपाट रस्ताच नाही. विहीर नेहमी खाली दरीत आणि घर वर, त्यामुळे भरला हंडा चढावरच येतो, उंची वाढते, गुरुत्वाविरुद्ध कार्य होतं. भूगोलाने त्या दिवशी विज्ञानाची लाज राखली. पण त्याच मुलीने हा धडा माझ्याआधी वाचला होता. अंतर म्हणजे प्रत्यक्ष चाललेली लांबी. विस्थापन म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या जागेमधलं सरळ अंतर. “म्हणजे आई घरून निघाली, विहिरीवर गेली, परत घरी आली, तर विस्थापन शून्यच ना?” शून्यच. ते कुठल्याही चढावाने टळत नव्हतं.

दिवाळीच्या थोडं आधी येतो स्थितिक विद्युत. प्लॅस्टिकची पट्टी केसांवर घासायची आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्यायची. कपटे उडून पट्टीला चिकटतात. चिकटतात ते हवा कोरडी असेल तर. इथे तोवर हवेत एवढं पाणी असतं की पट्टीवरचा भार जागच्या जागी विरून जातो, शिवाय प्रत्येक डोक्यावर सकाळीच खोबरेल थापलेलं. तीस जणांनी तीस डोकी घासली. कपटे ढिम्म. पट्ट्या मात्र तेलकट झाल्या आणि पुढचे दोन दिवस भूमितीच्या वह्यांवर डाग पडत राहिले. मी विद्युतभाराचं अस्तित्व सिद्ध करायला धडपडत असताना बाहेर सूर्यमाळच्या बाजूला आकाशात त्याच विषयाचं प्रात्यक्षिक जोरात चालू होतं, आणि त्या कडकडाटाला वर्गातली निम्मी पोरं कान झाकून बसली होती. परतीचा पाऊस आणि भातकापणी एकाच वेळी येतात. विजा चमकत असताना मोकळ्या शेतात थांबू नये, झाडाखाली उभं राहू नये, पक्क्या घरात जावं, असं धड्यात आहे. मी ते नेहमी दोनदा वाचून घेतो. पोरं ऐकतात आणि शेतापासून पक्कं घर किती लांब आहे, त्याचा मनात हिशेब करतात.

दिवाळी झाली की वर्ग रिकामा होतो. आवणीला होतो तसा चार दिवसांपुरता नाही. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांचे टेम्पो येतात. कोणाची उचल आधीच घेतलेली असते. भांडी, गोधड्या, कोंबड्या, धाकटी भावंडं आणि सातवीतली मोठी बहीण, सगळं एका टेम्पोत मावतं. आम्ही हंगामी वसतिगृहाचं सांगतो, घरोघर फिरतो, ‘पोराला आजीकडे ठेवा’ म्हणून विनवतो. कोणी ठेवतात. जे जातात त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेत बसता यावं. मग जूनच्या पावसाआधी सगळे परत. जाऊन-येऊन दोनेकशे किलोमीटर अंतर, विस्थापन शून्य. व्याख्या त्यांना पाठ नसली तरी वर्षानुवर्षं सराव चालू आहे.

यातला एक जण शिमग्याला चार दिवस गावी आला होता. इथे शिमग्याला माणूस कुठूनही येतो. त्यापुढे ठेकेदाराची उचलही फिकी पडते. तो शाळेत डोकावला, बसला. योगायोगाने मी तेराव्या धड्याची उजळणी घेत होतो: भौतिक बदल, रासायनिक बदल. कोणते बदल उलटवता येतात, कोणते नाहीत? वर्गाने पाठ केलेलं म्हणून दाखवलं: बर्फाचं पाणी होणं, दुधाचं दही होणं. तो म्हणाला, कच्ची वीट अवकाळीत भिजली की पुन्हा चिखल होतो आणि दिवसाची मजुरी जाते. भाजलेली भिजली तर ती वीटच राहते. म्हणून ढग आला की आधी कच्च्या विटांवर ताडपत्री टाकायची. हजेरीपटात त्याच्या नावापुढे चार महिने फुल्या होत्या.

मधल्या काळात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होऊन जातं. दर वर्षी इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा एक जेसीबी, थर्माकोलचा एक ज्वालामुखी आणि ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’चं एक गाव असतं. गावातली झाडं प्लॅस्टिकची असतात. याहून जास्त त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही.

लिहिण्यासारखं आहे ते चौदाव्या धड्याबद्दल. मूलद्रव्ये, संयुगे आणि मिश्रणे. मिश्रणातले घटक वेगळे करायच्या पद्धती: अपकेंद्री यंत्र, विलगकारी नरसाळं, रंजकद्रव्य पृथक्करण. या शब्दांवर वर्ग पेंगत होता. मग मी फळ्यावर ऊर्ध्वपातनाची आकृती काढली. खाली ज्योत, वर चंबू, चंबूतून तिरकी निघालेली नळी, नळीभोवती गार पाणी, शेवटी थेंब जमा करायला भांडं. आणि वर्ग जागा झाला. नुसता जागा नाही, एकमेकांच्या बरगड्यांत कोपरं जाऊ लागली.

“नळीभोवती गार पाणी कशाला?” मी विचारलं.

“वाफेचं पाणी व्हायला!” जो मुलगा जूनपासून ‘हजर’ याखेरीज काही बोलला नव्हता, तो बोलला.

“पाणी तापलं तर?”

“बदलायचं! नाहीतर वाफ पळते, थेंब येत नाहीत.”

“ज्योत मोठी केली तर?”

“करपतं!” हे सगळ्यांनी मिळून.

बारा वर्षांच्या मुलांना संघननाचं एवढं तंत्र माहीत असलेला वर्ग मी याआधी पाहिला नव्हता. कौतुकाने विचारलं, हे कुठे पाहिलंत? एकदम सामसूम. सगळ्यांचे डोळे जमिनीकडे. मग मघाचाच मुलगा हळूच म्हणाला, “पुस्तकात, सर.”

प्रात्यक्षिक दाखवायचं ठरलं. कपाटाची चावी मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक बैठकीला, बैठक जव्हारला. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर स्पिरिटचा दिवा होता, स्पिरिट नव्हतं. ते किती वर्षांपूर्वी उडून गेलं होतं कोण जाणे. बाष्पीभवन हाही धड्यातलाच विषय. मी दिवा हातात घेऊन उभा होतो तेव्हा एकाने अतिशय प्रामाणिक चेहऱ्याने मदत देऊ केली. “सर, घरून आणू? पहिल्या धारेची निळी जळते.”

रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्याचं म्हणणं बिनचूक होतं. पहिल्या धारेत अल्कोहोलचं प्रमाण जास्त असतं, कारण अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी १०० ला; म्हणून आधी निघतं ते तेज. यालाच आंशिक ऊर्ध्वपातन म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने मी तिथे नव्हतोच. मोहाचं आणि कायद्याचं इथे फार जुनं वैर आहे. मुंबई इलाख्याच्या सरकारने १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर एक खास कायदाच केला होता. फूल गोळा करणं, नेणं, विकणं, सगळ्याला बंधन. झाडांनी त्याची दखल घेतल्याचं दिसत नाही. ती दर वर्षी फाल्गुन-चैत्रात पहाटे फुलं टाकतात आणि पोरं पहाटे टोपल्या घेऊन वेचायला जातात, वाळवतात, भाकरीतही घालतात. त्या दिवसांत पहिल्या तासाला वर्ग गोड वासाने भरलेला असतो आणि निम्मा झोपलेला असतो. तेव्हा ऊर्ध्वपातनाचा धडा होऊन दोन महिने झालेले असतात.

तोवर पाणी संपतं. पाण्याचे गुणधर्म हा तिसरा धडा, जुलैतला. पाणी समान पातळीत राहतं, उंचावरून सखल भागाकडे वाहतं, त्याला स्वतःचा आकार नसतो. जुलैत यावर कोणाचीच हरकत नव्हती. पाणी खिडकीतून आत येत होतं. एप्रिलमध्ये पुन्हा वाचला तेव्हा मला त्यात बारकावे दिसले. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ वैतरणेवर मुंबई महापालिकेचं मध्य वैतरणा धरण आहे. शंभर मीटरहून उंच. मुंबईला त्यातून रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळावं अशी योजना. पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहतं, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्रात क्वचित कुठे सिद्ध झालं असेल. धरणाच्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात, कारण पाडे वर आहेत आणि पाणी खाली. पाण्याला स्वतःचा आकार नसतो हेही खरंच. एप्रिलमध्ये त्याला टँकरचा आकार येतो. आमच्या जतमध्ये पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस इथे पडतो आणि मेमध्ये दोन्हीकडे टँकरला हंड्यांची तेवढीच लांब रांग लागते. त्या रांगेत उभं राहिलो तेव्हा मला या तालुक्यात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

ध्वनीचा धडा मार्चात. कंपन दाखवायला मी टेबलाच्या कडेला पट्टी दाबून टण्णकन वाजवतो. नादकाटा नाही, असला तरी चावी जव्हारला. आणि ज्या गावात तारपा आहे तिथे पट्टी वाजवायला मला संकोच वाटतो. वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. वाजवणारा नाकाने श्वास घेत, गालांत हवा धरून, सूर न तोडता वाजवत राहतो आणि अख्खा पाडा त्याच्याभोवती फेर धरतो. याच जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांना तारप्यासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे. कंपन, वारंवारता, आयाम, सगळं त्या भोपळ्यात आहे. पण तारपा निघतो पावसाळा सरताना, नव्या धान्याच्या दिवसांत, तेव्हा वर्गात आम्ही स्थितिक विद्युताचे तेलकट कपटे उडवत असतो. मार्चात मी एका मुलाला म्हटलं, आजोबांचा तारपा आणशील का? त्याने मी मेमध्ये राखी मागितल्यासारखं पाहिलं. “आता नाही वाजवत, सर.”

सतराव्या धड्याचं दुःख तर थेट खगोलशास्त्रीय आहे. जव्हार साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर. म्हणजे वर्षात दोनदा भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली गायब होते. शून्य छाया दिवस. दिल्लीकरांच्या नशिबात तो नाही, कर्कवृत्ताच्या वर राहतात बिचारे. इथे पहिला येतो मेच्या तिसऱ्या आठवड्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसरा जुलैच्या उत्तरार्धात, तेव्हा सूर्यालाच सुट्टी. जुलैत इथे कुठल्याच वस्तूला सावली नसते, सलग महिनाभर. एका पोराने यावरून ‘जव्हारमध्ये शून्य छाया महिना असतो’ असं वहीत लिहिलं आणि मला ते खोडायला नीटसं कारण सापडेना.

त्या मानाने तारे शहाणे. विसावा धडा एप्रिलमध्ये येतो आणि तोवर आकाश स्वच्छ असतं, वीज वारंवार जाते, आणि रात्री अंगणात झोपलेल्या पोरांना पश्चिमेला उतरणारं मृग आणि उत्तरेला चढलेले सप्तर्षी एकदम दिसतात. वर्षातला हा एकच धडा वेळेवर येतो. त्याला मात्र परीक्षा चिकटलेली असते, म्हणून तो मी पंधरा मिनिटांत संपवतो.

परीक्षेत आपत्ती व्यवस्थापनावर चार गुणांचा प्रश्न काढला: सर्पदंश झालेल्या व्यक्तीला कोणती तातडीची मदत कराल? माझ्या उत्तरसूचीत चार मुद्दे होते. धीर द्यावा, हालचाल करू देऊ नये, रुग्णवाहिका बोलवावी, लवकर दवाखान्यात न्यावं. दोन वेण्यांच्या मुलीने असं लिहिलं होतं: ‘रुग्णाला चालू देणार नाही. दोन माणसं झोळीची डोली करून त्याला उचलतील. तिसरा माणूस रेंजच्या टेकडीवर पळत जाईल आणि १०८ ला फोन करील. चौथा माणूस डांबरी रस्त्यावर जाऊन उभा राहील, नाहीतर गाडी पुढे निघून जाते.’

चार मुद्दे, चार माणसं. मी चार गुण दिले. मग सगळ्या वर्गाचे गुण ऑनलाइन भरायची शेवटची तारीख आली, म्हणून मोबाइल आणि गुणांची वही घेऊन त्याच टेकडीवर गेलो. वर आसपासच्या शाळांचे तीन शिक्षक आधीच बसले होते. एकाने चटई आणली होती, दुसऱ्याने चहाचा थर्मास. दोन काड्या येत होत्या आणि साइट बंद होती.